तात्याबांचा कोट

रहिमतपूर,
६ मे १९७४

तीर्थरूप शालूअक्कास नमस्कार.

तुझ्या वडिलांची, म्हणजे नाथाजीकाकांची, तब्येत ठणठणीत आहे. फौजेतून पेन्शनीत येऊन सहा वर्षे झाली तरी ते पहाटे गल्लीला कवाईत शिकवतात. गल्ली झोपलेली असते, ती गोष्ट वेगळी. हे पत्र मी आधी कच्चे लिहून मग पक्के केले आहे, तरी कुठे चूक दिसली तर कळव. मी रंगवलेल्या दुकानाच्या पाटीवर एक वेलांटी चुकली की गाव ती वर्षभर वाचते, त्यामुळे मला धास्ती बसली आहे.

तुझ्या सांगलीत विद्यापीठाचा दृश्यकलेचा वर्ग निघाला आहे, त्याची जाहिरात वाचली. कागद केरबाच्या हॉटेलात भज्यांखाली होता, म्हणून अर्धी माहिती तेलात गेली. वाचता आले ते एवढे, की दहा कामे पाठवायची, आणि मॅट्रिक नसलेल्यालाही नुसती कामे पाहून ‘विशेष बाब’ म्हणून घेता येते. मी नववीतून बाहेर पडलो, तेव्हा मी विशेष बाबच आहे. वय मात्र बावीसच्या आत हवे. मला डिसेंबरात बावीस पूर्ण होतात. म्हणजे हे एकच वर्ष.

तुझा दवाखाना सुटल्यावर तिथे जाऊन विचारशील का? अर्ज निळ्या शाईने लिहायचा की काळ्या? दहा म्हणजे दहाच, की अकरावे दिले तर गैरसमज होतो? चित्रे गुंडाळून आणायची की सपाट? आणि माझी चित्रे चालतील का? पाट्या सोडल्या तर माझ्या हातून सत्तावीस तैलचित्रे झाली आहेत, ती सर्व मेलेल्या माणसांची. घरात कोणी गेले की लोक लग्नाच्या घोळक्यातला नाहीतर तिरडीवरचा फोटो आणून देतात. मी त्यावर चौकटी आखून तोंड मोठे करतो, मिटलेले डोळे उघडतो आणि अंगात निळा कोट घालतो. कोट मला चांगला जमतो. खिशाला पेन लावतो. ते पाटीच्या इनॅमल रंगाने काढतो, कारण ते चकाकते आणि एकदा वाळले की जन्मात निघत नाही.

काकांनी माझ्यासाठी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात जागा ठरवली आहे. पंपांवर नंबर घालायचे. “धा आकडं आलं की जल्माचं झालं बघ,” असे ते म्हणतात. १ जुलैला हजर व्हायचे. त्याआधी विद्यापीठाने घेतले तर काका अडवणार नाहीत. नाही घेतले तर ब्रश हा शब्द त्यांच्यासमोर पुन्हा काढायचा नाही, असे आमच्यात ठरले आहे. मला दहा आकडे आजच येतात, अक्का. पुढच्या चाळीस वर्षांचे काय करायचे, एवढाच प्रश्न आहे.

तुझा,
आकाराम


सांगली,
१२ मे १९७४

आकाराम,

तुझे पत्र वाचून वाटले, तू अर्ज करत नाहीस, मृत्युपत्र करतो आहेस. शाई कोणतीही चालते. अकरावे चित्र दिलेस तर फाशी देत नाहीत.

मी ड्यूटीवरून तशीच पांढऱ्या साडीत तिथे गेले. कारकून मला बघून बाही वर करायला लागला, त्याला वाटले टोचायला आले. सोबत अर्ज पाठवला आहे. नियम सातवा नीट वाच. दहांतले निदान एक चित्र जिवंत माणूस समोर बसवून काढलेले हवे. चित्राच्या मागे त्या माणसाची सही किंवा अंगठा हवा. आणि तो माणूस तुझ्या नात्यातला नको. कारकुनाने कारणही सांगितले. गेल्या साली अठ्ठावीस जणांनी एकाच कॅलेंडरवरची एकच बाई पाठवली होती, आणि अठ्ठावीस जणांनी ती आपली मावशी असल्याचे लिहून दिले होते.

म्हणजे तुझी पंचाईत आहे. तुझी गिऱ्हाइके सही करायला उठायची नाहीत.

निवड करणारे तिघे सर आहेत. त्यांतले मोठे सर दोन वर्षे परदेशात राहून आलेत. तिथली थंडी त्यांच्या अंगातून अजून गेलेली नाही, सांगलीत मे महिन्यात कोट घालून बसतात. तुझ्या चित्रांना घरचे वाटेल. मुलाखत २० जूनला.

आमच्या बाबांना सांग, पहाटे ओरडू नका, ब्लडप्रेशर वाढते. त्यांचे नाही, गल्लीचे.

शालू


रहिमतपूर,
२१ मे १९७४

तीर्थरूप अक्कास नमस्कार.

अर्ज भरला. दोन ओळी कोऱ्या सोडायच्या होत्या त्या मोजून दोनच सोडल्या.

मेलेल्यांची सोय झाली आहे. चार कामे पाट्यांची धरली, आणि पाच घरांनी चित्रे उसनी दिली, अटींवर. हरणाबाईंनी नवऱ्याचे चित्र देताना सांगितले, “त्यास्नी गाडी लागती, खिडकीला ठेव.” अडचण जिवंतांची आहे. गावात कोणी बसायला तयार नाही. मी ज्याला रंगवतो तो मेलेला असतो, हे सगळ्यांनी आठ वर्षे पाहिले आहे. त्यातले आधी काय होते आणि मग काय, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

पहिल्यांदा हॉटेलवाल्या केरबाला विचारले. तो बिचारा हो म्हणून गल्ल्यावर ताठ बसला. मी कोळशाची कांडी उचलली, तोच आतून मनुबाई झारा घेऊन आल्या. “मुडद्या, माझ्या कुंकवावर उठलास व्हय रं? काल सांजच्यालाच त्यास्नी ठसका लागला हुता!” केरबा उकळता चहा सोडून मागच्या दाराने गेला. न्हाव्याला विचारले, तर तो वस्तरा पुसत म्हणाला, “मी तुजी हजामत करतो, तू माजी करू नगंस.” शाळेतले गुरुजी शिकलेले म्हणून आशेने गेलो. ते म्हणाले, “अंधश्रद्धा आहे रे सगळी. पण पोरीचं लग्न होऊ दे, मग बसतो.”

काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “पासष्टच्या लढाईत तोफेच्या तोंडाला बसलो मी. पर तुझ्यासमोर? नात्यातला नगं म्हन्त्यात ते लय बरं हाय.”

बैल चालेल का, तेवढे विचारून कळव.

तुझा,
आकाराम


सांगली,
२५ मे १९७४

आकाराम,

बैल चालत नाही. त्याचा अंगठा उमटत नाही.

एवढे रडायचे कारण काय? जो आज ना उद्या जाणारच आहे, असा एखादा म्हातारा गाठ. घरच्यांना नंतरची धावपळ वाचेल, तुझा नियम सातवा पुरा होईल, म्हाताऱ्याचेही काही बिघडायचे राहिलेले नाही. गावात असे दोन-तीन तरी उन्हाळ्याला टेकलेले असतातच.

मला १ जूनपासून महिनाभर जतला जायचे आहे, देवीच्या लसीच्या मोहिमेवर. माझ्या खोलीची किल्ली शेजारच्या रंगूबाईंकडे ठेवते. मुलाखतीला येशील तेव्हा तिथेच उतर. स्टोव्ह नीट बंद कर. माझ्या भिंतीवर काही काढू नकोस.

शालू


रहिमतपूर,
४ जून १९७४

तीर्थरूप अक्कास नमस्कार.

तुझा सल्ला फार उपयोगी पडला. तो मनात धरून मी पलीकडच्या आळीच्या तात्याबांकडे गेलो. तुला ते आठवत असतील, पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेले. वय अठ्ठ्याहत्तर. गेली दोन वर्षे सोप्यात बाजेवर पडून असतात.

त्यांच्या दोन्ही मुलांना विचारले. थोरले ज्योतिबा म्हणाले, “आत्ताच घे काढून. मागनं गडबड नगं. कोट तेवढा झकास घाल.” धाकट्या कोंडीबांनी भिंतीवर खिळ्याची जागा बोटाने मापली. थोरल्या सूनबाई सुलाबाईंनी उदबत्तीचे घर डावीकडे बरे की उजवीकडे, हे विचारले. हार्डबोर्डही त्यांनीच दिला.

मी समोर बसलो तेव्हा तात्याबांनी डोळे उघडले. “कोन मेलं रं?”

“कुणी नाही, तात्या. तुमचं चित्र काढायचंय.”

“म्हंजी मीच की.”

मी मान खाली घालून रेघा मारू लागलो. तासाभराने ते म्हणाले, “काय बगतुयास एवडं?” मी म्हणालो, तुमचे कपाळ. ते म्हणाले, “बग, बग. दोन वरसं झाली, माझ्याकडं कोन एवडा येळ बगितलं न्हाई. आत यायचं, जेवान ठेवायचं, श्वास चाललाय का बगायचं, जायाचं.”

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर ते आपणहून उठून बसले होते. तिसऱ्या दिवशी न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली आणि मिशा राखल्या. चौथ्या दिवशी रस्सा मागितला. आठव्या दिवशी ते काठी टेकत केरबाच्या हॉटेलात जाऊन चहा पिऊन आले. घरात आजारी एक होता तो उठला, आणि दोघांची तोंडे उतरली.

आता खरी गोष्ट सांगतो. कोट घालायला मी निळा रंग काढला, तसे त्यांनी विचारले, “त्ये काय?”

“कोट, तात्या.”

“कुनाचा?”

“तुमचा.”

“माझ्याकडं कवा हुता? सरकारनं एकदा घातला हुता, बसऱ्याला. लोकरीचा, भर उन्हाळ्यात. लय उकडलं गड्या. तवाच ठरिवलं, मरंन पर कोट घालनार न्हाई. हाय तसा काढ.”

मग आहे तसा काढला. मळकी बंडी, तिची तुटलेली गुंडी, गळ्याखालचे हाड, त्यावरचा तीळ. आजवर कोटामुळे एवढे अंग काढायची मला गरजच पडली नव्हती. खांदा तीन वेळा पुसला. झाल्यावर चित्राकडे पाहायला भीती वाटली, कारण ते माझ्याकडे पाहत होते. आधीच्या सत्तावीसांतले कोणी असे पाहत नाही. तात्याबांनी मागे अंगठा उठवला आणि शाई धोतराला पुसली.

हे चित्र चांगले आहे की नुसतेच उघडे आहे, ते मला समजत नाही.

तुझा,
आकाराम


जत,
९ जून १९७४

आकाराम,

अरे गाढवा, तो सल्ला नव्हता, थट्टा होती! तू माणसाच्या घरी जाऊन ‘तुम्ही आता मरणारच आहात तर जरा बसता का’ असे विचारलेस, आणि त्यांनी वर हार्डबोर्डही दिला? ज्योतिबा-कोंडीबांना माझा नमस्कार सांग. असे मुलगे असले की वैऱ्याची गरज नाही.

इकडे मी सुई घेऊन फिरते आहे आणि तू ब्रश घेऊन. धनगरवाड्यात मला बघितले की मेंढ्या जागेवर राहतात आणि माणसे डोंगर चढतात. तुझे बरे आहे, तुझा निदान एक रोगी बरा झाला.

तू लिहिलेस त्यावरून मला एवढे कळले, की हे तू काढलेले पहिले चित्र आहे. आधीची सत्तावीस म्हणजे कोट होते, वर वेगवेगळी डोकी ठेवलेली. आता माझे एक ऐक, आणि हे थट्टेने म्हणत नाही. त्याला कोट घालू नकोस. कोणी काही म्हणो. तू सगळ्यांचे ऐकतोस, म्हणून आधीच सांगून ठेवते.

शालू


रहिमतपूर,
१५ जून १९७४

तीर्थरूप अक्कास नमस्कार.

तुझे पत्र काल संध्याकाळी मिळाले. कोट मी काल सकाळी घातला.

रागावण्याआधी ऐकून घे. चित्र वाळायला त्यांच्याच घरी ठेवले होते. ज्योतिबांनी ते पाहिले आणि आळी गोळा केली. “आमी दोगं करतं-सवरतं ल्योक असताना आमच्या बापाला फाटक्या बंडीत सांगलीला धाडतूस व्हय? लोक काय म्हन्तील, बापाच्या अंगावर चिरगूट न्हाई?” मी म्हणालो, ही बंडी खरीच फाटकी आहे. त्यावर कोंडीबा म्हणाले, “खरं हाय म्हनून काय दावायचं असतं व्हय?” त्यांनी चित्र धान्याच्या खोलीत ठेवून कुलूप घातले. बोर्ड त्यांचा, बाप त्यांचा. कोट घातला तर चित्र मिळेल, नाहीतर नाही. मुलाखतीला सहा दिवस. दुसरे जिवंत माणूस मिळायचे नाही.

तात्याबा त्या वेळी घरी नव्हते. हल्ली ते असतात कुठे घरी? मी कुलपाच्या खोलीत बसून दोन तासांत कोट घातला. हाताला सवय आहे. बंडी गेली, गुंडी गेली, तीळ गेला. पेन मात्र आधीच थेट बंडीवर काढून कोट त्याच्या कडेने भरला होता. ज्योतिबा म्हणाले, “आता कसा बाप दिसतुया!”

एक गोष्ट फक्त तुला सांगतो. कोटाच्या रंगात मी जवसाचे तेल नेहमीपेक्षा बरेच जास्त घातले. एवढ्या तेलाने रंग पंधरा दिवस वाळत नाही, हे मला माहीत आहे. मी असे का केले, ते विचारू नकोस. मलाच नीट माहीत नाही.

तात्याबांना अजून दाखवलेले नाही. समोरून येताना दिसले की मी बोळात शिरतो.

तुझा,
आकाराम


सांगली,
२१ जून १९७४

तीर्थरूप अक्कास नमस्कार.

तुझ्या खोलीवर सुखरूप पोचलो. स्टोव्ह बंद केला आहे. पुन्हा पाहून आलो, बंदच आहे.

एस.टी.त मी पाचही मृत व्यक्ती खिडकीच्या बाकावर ओळीने ठेवल्या होत्या. कराडला एक बाई चढल्या. त्यांनी आधी पाचही जणांना नमस्कार केला आणि मग कंडक्टरला म्हणाल्या, “गेलेली मानसं बसून आन् आमी उभं काय?”

काल मुलाखत झाली. तिघे सर होते. तू लिहिल्याप्रमाणे मोठ्या सरांनी कोट घातला होता, आणि कपाळावरचा घाम ते रुमालाने टिपत होते. माझी चित्रे भिंतीला लावून ठेवली. मोठे सर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, “हे सगळे एकाच घराण्यातले आहेत का?”

“नाही सर. कोट एक आहे.”

“यांत अनुभव कुठे आहे?”

मला प्रश्न कळला नाही. पण गप्प बसणे बरे दिसणार नाही, म्हणून “मागे आहे, सर,” असे म्हणून मी तात्याबांचे चित्र उलटे करून अंगठा दाखवला. कोटाला हात लागू नये म्हणून कडेने धरले होते.

दुसरे सर म्हणाले, “पाच मेलेले आणि सहावा जिवंत. कोट तोच, पेन तेच. हा जिवंत आहे हे आम्ही कशावरून ओळखायचं?” मी अंगठ्याकडे बोट दाखवले. त्यावर तिसरे सर म्हणाले, “अंगठा काय, मेल्यावरही घेता येतो.” ते इतक्या खात्रीने म्हणाले की त्यांच्या घरात तसे कोणाचे तरी झालेले असावे.

शेवटी ठरले ते असे. या गृहस्थांच्या हयातीचा दाखला सोमवारपर्यंत आणून द्यावा. नाहीतर अर्ज बाद. मी बाहेर पडून काकांना तार केली. दरवर्षी पेन्शनवाल्यांच्या हयातीचे दाखले तेच काढून देतात. पण मामलेदाराची सही तीन दिवसांत होईल असे वाटत नाही.

अक्का, त्यांचे चुकले असे मला म्हणता येत नाही. मी स्वतः त्या चित्राकडे पाहिले. मलाही ते गेलेले वाटले.

तुझा,
आकाराम


जत,
२३ जून १९७४

आकाराम,

१५ चे पत्र आज हाती पडले. शेवटी घातलासच कोट! इकडे एका म्हातारीने मला सांगितले, सुई टोच पण आधी माझ्या सुनेला टोच, मग माझ्या म्हशीला, आणि आम्ही दोघी जगलो तर मला. तू त्या म्हातारीपेक्षा भित्रा आहेस. तेलाचे मात्र विचारत नाही. मला ते कळले.

शालू


सांगली,
२५ जून १९७४

तीर्थरूप अक्कास नमस्कार.

काल जे झाले ते क्रमाने लिहितो. हात अजून निळा आहे, डाग पडला तर राग मानू नकोस.

सोमवारी सकाळी दहाला मी दाखल्याशिवाय विभागाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. अकराला टांग्यातून काका उतरले, पदके लावून. मागून काठी टेकत तात्याबा. अंगात तीच बंडी.

माझ्या तारेने तिकडे गोंधळ झाला होता. तार काकांना होती, पण आत तात्याबांचे नाव वाचून पोस्टाचा शिपाई त्यांच्या आळीत गेला, आणि “तात्याबाच्या नावाची तार” असे तो म्हणताच सुलाबाईंनी न वाचताच हंबरडा फोडला. चार बाया जमल्या. तात्याबा परसातून बाहेर आले आणि म्हणाले, “कोन गेलं गं?” काका मला म्हणाले, “मामलेदार रजेवर. मग म्हटलं, कागद कशाला? मानूसच न्यावा.”

आम्ही आत गेलो. काकांनी टाच जुळवून सॅल्यूट ठोकला. “तात्याबा, हयात. हजर हाय साहेब.” तिन्ही सर उभे राहिले. मग मोठ्या सरांनी चित्राकडे पाहिले, तात्याबांकडे पाहिले, आणि म्हणाले, “गृहस्थ जिवंत आहेत, मान्य. पण हे चित्र यांचं नाही. ते कुणीतरी कोटवाले आहेत.”

तात्याबांनी चित्र पहिल्यांदा पाहिले. बराच वेळ पाहिले. मग मला विचारले, “आकाराम, ह्यो मी हाय?”

“व्हय, तात्या.”

“मग उकडतंय मला. काड त्यो कोट.”

मी म्हणालो, “तात्या, ज्योतिबा—”

“ज्योतिबाला उकडत न्हाई. कोट मला घाटलाय.”

माझ्या पिशवीत टर्पेंटाइनची बाटली असते, डाग पडले तर असावी म्हणून. बूच चिकटून बसले होते, ते काकांनीच काढले. ब्रश हा शब्द ऐकायचा नाही म्हणणारे काका, अक्का, फडके भिजवून त्यांनी माझ्या हातात दिले. मी खांद्यापासून सुरुवात केली. रंग ओलाच होता. आधी खांद्याचे हाड वर आले, मग तीळ, मग फाटकी बंडी, मग तुटलेली गुंडी. खालचा रंग तीन आठवडे वाळलेला, त्याला काही झाले नाही. फडके निळे होऊन गळू लागले. मोठ्या सरांनी आपल्या कोटाचे वरचे बटण काढले. ते त्यांना कळले नसावे.

पेन तेवढे निघेना. इनॅमलचे ना. कोट गेला, खिसा गेला, आणि बंडीवर छातीपाशी चकाकणारे पेन अधांतरी राहिले. मी घासत होतो, तेव्हा मोठे सर ओरडले, “थांबा!”

ते जवळ आले. चित्र उलटे करून अंगठा पाहिला, पुन्हा सुलटे करून पेन पाहिले. मग दुसऱ्या सरांना हळूच म्हणाले, “अंगठेबहाद्दर माणसाच्या उघड्या छातीवर पेन.” आणि मला विचारले, “हा उपरोध जाणीवपूर्वक आहे का?”

उपरोध म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हते. जाणीवपूर्वक म्हणजे काय ते ठाऊक होते, आणि तसे ते नव्हते. पण पेन पुसता येत नव्हते आणि सोमवारही पुढे ढकलता येत नव्हता. मी म्हणालो, “हो सर.”

आयुष्यात पहिल्यांदा मी लेखी नसलेले खोटे बोललो. लेखी अजून बोललेलो नाही. निकाल शनिवारी आहे.

रात्रीच्या गाडीला वेळ होता, म्हणून तात्याबांना गणपतीला नेले. काका वाटेत म्हणाले, “खांद्याचं हाड बराबर आलंय.” एवढेच.

तुझा,
आकाराम


सांगली,
३ जुलै १९७४

तीर्थरूप अक्कास नमस्कार.

यादीत वीस नावे होती, आणि खाली रेघ मारून एकविसावे माझे, ‘विशेष बाब’. काकांनी कारखान्याला कळवले. त्यांनी पंपांसाठी दुसरा मुलगा ठेवला. त्याला शून्य नीट काढता येत नाही, असे काकांनी समाधानाने लिहिले आहे.

कारकुनाने मला शेरा दाखवला. ‘समाजातील विसंगतीचे प्रगल्भ भान.’ मी घरी येऊन शब्द कोशात पाहिले. मग आरशात पाहिले.

परवा वर्ग सुरू झाला. सरांनी तात्याबांचे चित्र मागून घेऊन प्रवेशदाराशी टांगले आहे. मला आनंद झाला. काल सकाळी आलो तर चित्राला झेंडूचा हार, कपाळाला गंध, खाली दोन उदबत्त्या. शिपायाला विचारले, तर तो म्हणाला, “संस्थेचं कुनी मोटं मानूस असंल म्हनून घाटला. आता दर सोमवारी बदलनार.” तेवढ्यात तिसरे सर आले, चप्पल काढून त्यांनी हात जोडले आणि वर गेले. हयातीचा दाखला मागणारे तेच.

मी मोठ्या सरांकडे गेलो. म्हणालो, “सर, ते जिवंत आहेत. आपण त्यांना भेटला आहात.”

सर म्हणाले, “कलेत सगळेच जिवंत असतात.”

हार तसाच आहे. आता हे तात्याबांना कोण सांगणार? तुला मोहिमेनंतर रजा आहे ना?

तुझा,
आकाराम


रहिमतपूर,
९ जुलै १९७४

आकाराम,

कालच आले. बाबांनी पहाटे पाचला मलाही कवाईतीला उभे केले.

गावात तुझा भाव वाढला आहे. तुझ्यासमोर बसले की माणूस बरा होतो, असे आता ठरले आहे. मनुबाई केरबाला घेऊन सांगलीला यायच्या म्हणतात, त्याचा ठसका अजून गेलेला नाही. गुरुजीही येतील, मुलीचे लग्न व्हायच्या आधीच.

तात्याबांकडे गेले. भिंतीवर कोंडीबाने ठोकलेला खिळा तसाच आहे. ज्योतिबा त्याला टोपी अडकवतो आणि तुझे नाव घेत नाही. म्हातारा ओट्यावर बसून शेंगा फोडत होता. मी हाराचे सांगितले. मला वाटले, चिडेल.

त्याने विचारले, “कसला हाय हार?”

“झेंडूचा.”

“ताजा?”

“आकाराम म्हणतो, दर सोमवारी बदलतात.”

त्याने आतल्या दाराकडे बघितले. सुलाबाई चूल फुंकत होत्या. मग आवाज चढवून, घरात ऐकू जाईल असे म्हणाला, “सोमवारच्या सोमवारी! हितं मेलो असतो तर दिवाळीला एकदा, त्योबी कागदाचा.”

दोन शेंगा माझ्या हातावर ठेवल्या आणि निरोप दिला, तो तसाच लिहिते.

“त्या साहेबास्नी सांग, हार घाला, गंध लावा, पाया पडा, माझी काय ना न्हाई. पर कोट घालाया कोन आलं, तर तार कर. मी येतो.”

शालू